शेवटच्या कडव्यातले नाव

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ हे लहानसे स्थानक लागते. गावाच्या नावाला देवाचे नाव जोडलेले आहे, कारण पोखर्णी पंचक्रोशीत ओळखली जाते ती नृसिंहाच्या देवळामुळे. तीच गाडी पुढे गोदावरीकाठच्या गंगाखेडला पोहोचते. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांच्या घरी दासी म्हणून आयुष्य काढलेल्या या स्त्रीच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हते, आणि परंपरेने सांगितलेल्या तिच्या चरित्रात दळणकांडण, शेण-गोवऱ्या आणि पाणी भरणे यांपलीकडे फारसे काही नाही. तरीही सुमारे सातशे वर्षांनंतर तिचे अभंग तिच्याच नावावर राहिले आहेत. याचे कारण साधे आहे. तिने प्रत्येक अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफून ठेवले.

याला नाममुद्रा म्हणतात. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ ही तिची सर्वपरिचित रूपे. शाळेत हा काव्याचा एक प्रकारविशेष म्हणून शिकवला जातो आणि दोन गुणांच्या प्रश्नात संपतो. मात्र ज्यांच्या हाती कागद नव्हता आणि ज्यांची नोंद कोणत्याही दप्तरात होणार नव्हती, त्यांच्या बाजूने पाहिले तर नाममुद्रा हा सजावटीचा भाग उरत नाही. गाणे जिथे जाईल तिथे त्याच्या कर्त्याचा पुरावा सोबत घेऊन जाईल, अशी ती व्यवस्था होती. गाणाऱ्याला ते नाव गाळायचे असेल तर यमक मोडावे लागे, ताल अडखळे. कुलूप गाण्याच्या आतच बसवलेले होते.

एप्रिल महिन्यात मराठवाड्यातील कोणत्याही गावात रात्री उशिरापर्यंत भीमजयंतीचे गायन ऐकणाऱ्यास हे कुलूप आजही वाजताना ऐकू येते. ढोलकी, हार्मोनियम, कोरस. गायक गावातलाच, चाल कधी जुन्या हिंदी चित्रपटाची, कधी कव्वालीची. शेवटच्या कडव्यात मात्र एक नाव हमखास येते: वामन. गाणाऱ्याचे नाव वामन नसते. बसलेल्यांपैकी अनेकांनी त्या माणसाला कधी पाहिलेलेही नसते.

हा धागा त्या नावाविषयी आहे. मे महिन्याच्या मध्यावर दोन स्मृतिदिन एकापाठोपाठ येतात. १४ मे २०१५ रोजी अमेरिकेत ब्लूज संगीताचे थोर गिटारवादक बी. बी. किंग निवर्तले. १५ मे २००४ रोजी महाराष्ट्रात वामनदादा कर्डक गेले. दोघे एकाच पिढीचे. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, किंग यांचा १६ सप्टेंबर १९२५ चा. त्यांनी एकमेकांविषयी ऐकले असल्याचे कुठे नोंदलेले नाही. पण गाणे कोणाचे, हा एकच प्रश्न दोघांच्या आयुष्यात ठाण मांडून बसलेला दिसतो, आणि त्याची त्यांनी काढलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

आरंभ एका रेल्वे फलाटावरूनच करावा लागतो. १९०३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातील टटवाइलर या आडगावी स्थानकावर डब्ल्यू. सी. हँडी नावाचे एक कृष्णवर्णीय बँडमास्तर उशीर झालेल्या गाडीची वाट पाहत पेंगत होते. त्यांना जाग आली ती शेजारी वाजणाऱ्या गिटारीने. फाटक्या कपड्यांतला एक कृश माणूस गिटारीच्या तारांवर चाकूचे पाते दाबून सूर ओढत होता आणि दोन रेल्वेमार्ग जिथे एकमेकांना छेदतात अशा एका ठिकाणाविषयी गात होता. हँडी यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिले की इतके विलक्षण संगीत त्यांनी पूर्वी ऐकले नव्हते. नोटेशन लिहिणे-वाचणे त्यांना येत होते. ते अशा गाण्यांकडे वळले, ती कागदावर उतरवू लागले, १९१२ साली त्यांनी ‘मेम्फिस ब्लूज’ छापले आणि १९४१ च्या आत्मचरित्राला शीर्षक दिले ‘ब्लूजचा जनक’ अशा अर्थाचे. चाकूने गिटार वाजवणाऱ्या त्या माणसाचे नाव मात्र कोणी विचारले नाही. संगीताच्या इतिहासात हा प्रसंग शेकडो वेळा सांगितला गेला आहे, आणि प्रत्येक वेळी तो माणूस निनावीच राहतो.

हँडी यांच्यावर राग धरण्याचे कारण नाही. त्यांनी स्वतःही ‘मेम्फिस ब्लूज’चे हक्क ५० डॉलरना विकले आणि गाणे गाजल्यावर कमाई दुसऱ्याची झाली. पण कागद कोणाच्या हाती आहे यावर गाणे कोणाचे हे ठरते, हा नियम त्या फलाटावर प्रथम स्पष्ट दिसतो.

त्याच १९०३ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉय यांचे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ प्रसिद्ध झाले. त्यातील प्रकरणांच्या माथ्यावर गुलामांच्या शोकगीतांची स्वरलिपी छापलेली आहे, शब्दांशिवाय, कर्त्याच्या नावाशिवाय. नाव घालणार तरी कोणाचे? ती गाणी रचणाऱ्यांना कायद्याने माणूसच मानले नव्हते. महाराष्ट्राशी या इतिहासाचा संबंध त्याहून जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये ज्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते न्यूयॉर्कच्या हार्लेमला लागून आहे. १९४६ साली त्यांनी डु बॉय यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची माहिती मागवली आणि डु बॉय यांनी उत्तरही दिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नावापासूनच हा धागा उघड होता. विचारांच्या या देवाणघेवाणीवर पुष्कळ लिहिले गेले. गाण्यांच्या साम्यावर मात्र कमी.

दोन्ही प्रदेशांना जोडणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती परभणीच्या वाचकाला सांगायची गरज नाही. ती म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मिसिसिपीचा कापूस इंग्लंडला पोहोचेना, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो ओसरला. सावकारांच्या वह्या तेवढ्या राहिल्या. मिसिसिपीत गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन पूर्वीच्याच मालकांकडे राहिली आणि कृष्णवर्णीय कुटुंबे अर्धलीने कापूस पिकवू लागली. हंगाम संपल्यावर मालकाची वही उघडायची आणि देणे शिल्लकच निघायचे. अशाच एका कुटुंबात इट्टा बीना गावाजवळ रायली किंग जन्मला. लहानपणीच आई गेली, शेतात कापूस वेचला, चर्चमधल्या पाद्र्याकडून गिटारीचे पहिले धडे घेतले. डेल्टातील गरीब मुलांचे पहिले वाद्य बहुधा याहून साधे असे: केरसुणीला बांधलेली तार सोडवायची, घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये ताणायची, खाली बाटली सरकवायची, झाले. एकतारीच ती, फक्त भोपळ्याच्या जागी सबंध घर.

किंग यांनी सांगितलेली एक आठवण ब्लूजचे अर्थशास्त्र दोन वाक्यांत उलगडते. इंडियानोला गावाच्या कोपऱ्यावर ते भजने गात तेव्हा लोक पाठ थोपटून जात. ब्लूज गायले की नाणे मिळे.

वामनदादांचे बालपण सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. वडील तबाजी, आई सईबाई. पुढे मुंबई. त्यांनी केलेल्या कामांची यादी एखाद्या कामगार वस्तीच्या जनगणनेसारखी आहे: मातीकाम, गिरणीकाम, कोळशाच्या वखारीतली मजुरी, चिक्की विकणे, आईसफ्रूट विकणे, टाटा ऑइल मिलमधली नोकरी. मुंबईच्या कापड गिरण्यांविषयी येथे एक तपशील सांगायलाच हवा, कारण तो पाठ्यपुस्तकांत क्वचित येतो. गिरणीत सर्वांत बऱ्या पगाराचे काम विणकाम खात्यात असे आणि तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्याच्या ओठांचा स्पर्श निषिद्ध त्याच्या हाती धोटा कसा द्यायचा, असा हा हिशेब. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. यंत्रयुगाने जात मोडली नाही, तिला खाते नेमून दिले.

शिवडीच्या बीडीडी चाळीत वामनदादा समता सैनिक दलात वावरू लागले. त्या दिवसांतला एक प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. कोणीतरी त्यांच्यापुढे पत्र धरले आणि वाचून दाखवायला सांगितले. तरणाबांड, बोलका, पुढारपण करणारा माणूस. त्याला अक्षर येत नव्हते. त्या शरमेने ते देहलवी नावाच्या मास्तरांकडे गेले आणि अक्षरे गिरवू लागले. रस्त्यावरून जाताना दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी जोडाक्षरे पक्की केली. चित्रपटात नट होण्याचे स्वप्नही त्यांनी पाहिले होते. ते जमले नाही. ३ मे १९४३ रोजी त्यांनी एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन रचून गायले, ऐकणाऱ्यांनी दाद दिली, आणि पुढची साठ वर्षे ते थांबले नाहीत.

या साठ वर्षांच्या पाठीमागे एक आयती परंपरा उभी होती. सत्यशोधक जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत गाण्याने प्रबोधन करण्याची वाट रुळलेली होती. नाशिकचे भीमराव कर्डक यांचा जलसा १९३० च्या दशकात गाजत होता. (दोन कर्डकांची गल्लत नेहमी होते. भीमराव हे जलसाकार, आधीच्या पिढीचे. वामनदादा हे पुढचे.) तमाशातील गण-गौळणीचा साचा घ्यायचा, त्यातला देव आणि चावटपणा काढायचा, आणि त्या जागी सभा, शाळा, पाणवठा व मतदान आणून बसवायचे, ही जलशांची रीत होती. वामनदादांनी तो मोठा सरंजाम हलका केला. त्यांचे गाणे दोन माणसे आणि एका वाद्यावरही उभे राही. चाल लोकांना आधीच पाठ असे, कारण ती बहुधा चित्रपटाची किंवा कव्वालीची असे. शब्द तेवढे नवे शिकायचे. रसिकांनी या उसनवारीला नाके मुरडली. पण ज्या वस्तीत शंभरात दहा जणांना वाचता येत नाही तिथे नवी चाल शिकवण्यात महिना घालवणे हा चैनीचा मार्ग होता.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. मधल्या अवघ्या त्रेपन्न दिवसांत लाखो लोकांचा धर्म बदलला होता आणि तो समजावून सांगणारा माणूस उरला नव्हता. ग्रंथ होते, पण ते वाचणारे थोडे. बुद्ध कोण, बावीस प्रतिज्ञा कशासाठी, पोरीला शाळेत का घालायचे, पुढाऱ्यांची भांडणे कुठे नेतील, हे खेडोपाडी सांगितले ते गायकांनी, आणि त्यांत वामनदादांचा वाटा सर्वांत मोठा. एसटीने, पायी, मिळेल त्या बैलगाडीने ते हिंडले. गाव देईल ती भाकरी, गाव देईल ती बिदागी. त्यांच्या एका प्रसिद्ध गाण्यात देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेऊन श्रमणाऱ्यांच्या वाट्याचा जाब विचारलेला आहे. विचारणारा स्वतः त्यांतल्याच एका नावाच्या तेल गिरणीत राबून आलेला होता, हे ठाऊक असले की ते गाणे वेगळे ऐकू येते.

त्यांची गाणी हजारांनी मोजतात. छापली गेली ती ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६), ‘हे गीत वामनचे’ (१९७७) अशा संग्रहांत. आत्मकथनाचे नाव ‘माझ्या जीवनाचं गाणं’. तिसऱ्या संग्रहाचे शीर्षक क्षणभर थांबून वाचावे. ते शीर्षक म्हणजेच नाममुद्रा आहे. पहिला संग्रह निघाला तेव्हा वामनदादा पन्नाशी ओलांडलेले होते आणि गाणी तीस वर्षे गावोगाव गायली जात होती. छापखाना उशिरा पोहोचला. तोवर नावाची राखण शेवटच्या कडव्याने केली.

नाममुद्रेचे तंत्र वामनदादांना जनाबाई-चोखोबांकडून मिळाले तसेच शाहिरांकडूनही. होनाजी बाळा या जोडनावात तर कवी एक आणि गायक दुसरा. होनाजीने रचायचे, बाळाने गायचे, आणि मुद्रेत दोघांनी एकत्र यायचे. आजच्या भाषेत गीतकार आणि गायक यांचा तो संयुक्त करारच म्हणावा! पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांतही मुद्रा ठसठशीत आहे. वामनदादांपर्यंत येताना तिच्यात एक बदल झाला. संतांच्या मुद्रेत नाव देवापुढे नमते. वामनदादांच्या मुद्रेत ते बहुधा लोकांशी बोलते, कधी स्वतःला बजावते, कधी भीमाच्या उपकाराची कबुली देते. जिथे देव होता तिथे समाज आला, एवढ्या एका बदलात शंभर वर्षांची चळवळ आहे.

कुलूप अभेद्य होते असे मात्र नव्हे. संतसाहित्याच्या अभ्यासकांना ही डोकेदुखी चांगली परिचित आहे: ‘नामा’ या मुद्रेखाली एकाहून अधिक कवींची रचना एकत्र झालेली आहे आणि ती वेगळी करण्यात पिढ्या गेल्या. प्रसिद्ध नाव गाण्यांना ओढून घेते. दुसरीकडून, लांबलेले गाणे आवरताना गायक पहिला गाळतो ते शेवटचे कडवे. आणि नाव त्याच कडव्यात असते. कॅसेटचा जमाना आला तेव्हा हा धोका वाढला. कॅसेटच्या एका बाजूला मावतील तेवढीच मिनिटे, वेष्टनावर गायकाचा फोटो, गीतकाराचे नाव बारीक अक्षरांत किंवा मुळीच नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते यांच्यासारख्या दमदार गळ्यांनी भीमगीत घराघरांत नेले हे खरे. त्याच काळात असंख्य कवी ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली गाडले गेले हेही खरे. ‘पारंपरिक’ हा शब्द दिसला की इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की नाव विचारायला कोणी गेले नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट कायद्याच्या कागदावर घडली. बी. बी. किंग मेम्फिसला आले, डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रावर गाऊ लागले, ‘ब्लूज बॉय’चे संक्षिप्त रूप बी. बी. झाले. १९५० च्या दशकात त्यांच्या तबकड्या ज्या कंपनीने काढल्या तिचे मालक होते बिहारी बंधू. (आडनावाने दचकू नये. हे कुटुंब हंगेरीतून आलेले ज्यू होते. बिहारशी संबंध नाही.) त्या काळच्या अनेक तबकड्यांवर गीतकार म्हणून किंग यांच्या शेजारी टॉब, लिंग, जोसिया अशी नावे आढळतात. अशी माणसे स्टुडिओत कधी आली नव्हती. ती मालकांनीच घेतलेली टोपणनावे होती, म्हणजे रॉयल्टीचा हिस्सा घरात राहावा. येथे नाममुद्रा उलटी चालते: गाण्याच्या आत कर्त्याचे नाव नाही आणि बाहेर, कागदावर, न रचणाऱ्याचे आहे. आर्थर क्रडप यांचे गाणे घेऊन १९५४ मध्ये एल्विस प्रेस्ली यांची पहिली तबकडी निघाली. क्रडप १९७४ मध्ये वारले तोवर त्यांना न्याय्य हिस्सा मिळाला नव्हता.

ब्लूजमध्ये गाण्यात नाव घालण्याची चाल अगदीच नव्हती असे नाही. रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६ आणि १९३७ या दोन वर्षांत मिळून २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या ‘क्रॉस रोड ब्लूज’मध्ये ते स्वतःचा उल्लेख ‘बॉब’ असा करतात. पण ती प्रथा म्हणून रुजली नाही. किंग यांनी दुसरा मार्ग काढला. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या ट्विस्ट गावी एका नाचघरात ते वाजवत असताना दोन माणसांत मारामारी झाली, उबेसाठी पेटवलेले रॉकेलचे पिंप कलंडले आणि इमारत पेटली. बाहेर आल्यावर किंग यांच्या लक्षात आले की गिटार आतच राहिली. ३० डॉलरची गिटार; ती आणायला ते जळत्या घरात परत शिरले. दुसऱ्या दिवशी कळले की आगीत दोघे मेले, आणि भांडण ल्युसील नावाच्या एका स्त्रीवरून झाले होते. त्यांनी गिटारीचे नाव ल्युसील ठेवले. त्यानंतरच्या प्रत्येक गिटारीचे तेच.

ही कथा वृत्तपत्रांनी वारंवार सांगितली, कारण ती सांगायला सोपी आहे. तिच्याहून महत्त्वाची गोष्ट कानांना कळते. किंग गाताना वाजवत नसत आणि वाजवताना गात नसत. गळ्याने ओळ टाकायची, गिटारीने उत्तर द्यायचे. भरगच्च स्वरमेळ त्यांनी वापरलेच नाहीत. एकच सूर, त्याला बोटाने दिलेले थरथरते आंदोलन, आणि मग शांतता. तो सूर ऐकून जगातला कोणताही गिटारवादक सांगू शकतो की हे किंग आहेत. कागदावरचे नाव दुसऱ्याला वाटून घेता येते, पण तो सूर कोणाला दुसऱ्याच्या नावावर लिहून घेता आला नाही. वामनदादांनी नाव यमकात बसवले, किंग यांनी आंदोलनात. १९५६ या एका वर्षात किंग यांनी ३४२ कार्यक्रम केले. म्हणजे वर्षात जेमतेम चोवीस रात्री रिकाम्या. वामनदादांच्या दौऱ्यांचा असा हिशेब कोणी ठेवला नाही.

फरकाची सुरुवात इथूनच होते. इंडियानोला येथे २००८ साली किंग यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. त्याची उभारणी कापसाच्या जुन्या जिनिंगच्या इमारतीभोवती केलेली आहे, आणि त्या जिनिंगमध्ये किंग यांनी तरुणपणी काम केले होते. तिथेच त्यांचे दफन झाले. ब्लूजचा मोठा भाग तबकड्यांवर उतरलेला होता; लबाड नोंदींसह का होईना, पण आवाज शिल्लक राहिला, आणि पुढच्या पिढीच्या संशोधकांना खोटी नावे खोडून खरी लिहिता आली. आपल्याकडे आवाजच थोडा उतरला. संशोधकांना खोडायला खोटी नोंदही नाही.

मराठवाड्यात या गाण्यांची किंमत वेगळ्या प्रकारे चुकवली गेली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर परभणी, नांदेडसह मराठवाड्यातल्या खेड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत मोर्चे निघाले, सभा झाल्या, आणि प्रत्येक सभेपूर्वी लोक जमेपर्यंत गाणी झाली. एका नावासाठी चाललेल्या या लढ्यात ज्या कवीने आयुष्यभर शेवटच्या कडव्यात आपले नाव जपले त्याची गाणी गायली जावीत, हा योगायोग लक्षात राहतो. जळालेल्या घरांसोबत काय काय गेले याच्या पंचनाम्यात धान्य, भांडी, जनावरे येतात. गाण्यांच्या वह्या अशा यादीत लिहिण्याची पद्धत नसते.

आणि तरी गाणे वाहत राहिले. औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात हातात एकतारी घेऊन भीमगीते गातात. मोबाइलवर फिरलेल्या चित्रफितींनी त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला. ना कोरस, ना ढोलकी. एक तार आणि एक गळा. ज्याने डेल्टाच्या भिंतीवरची ती तार ऐकली आहे त्याला हा आवाज परका वाटणार नाही. संभाजी भगत, शीतल साठे यांच्या शाहिरीत तीच परंपरा नव्या प्रश्नांना भिडते. तरुण मुले रॅपमध्ये भीमाचे नाव घेतात, आणि रॅपमध्ये तर कलाकाराने स्वतःचे नाव उच्चारणे ही जुनीच रीत आहे. जनाबाईंची मुद्रा ब्रुकलिनमार्गे परत आली असे कोणी म्हटले तर विद्यापीठात ते मान्य होणार नाही, पण गंमत म्हणून हरकत नाही.

उरलेले काम गायन पार्ट्यांच्या वह्यांत आहे. लांबट, पुठ्ठ्याच्या, हाताळून कोपरे मऊ झालेल्या वह्या. पानाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या चित्रपटगीताचे पहिले शब्द, खाली धृपद, मग कडवी. तारीख नसते. कवीचे नाव वेगळे लिहिलेले नसते, कारण ते शेवटी येणारच आहे हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते. मराठवाड्यातल्या तीन गावांच्या तीन वह्या शेजारी ठेवल्या तर एकच गाणे एकीत चार कडव्यांचे आणि दुसरीत पाच कडव्यांचे निघू शकते, आणि तिसरीत ते पान अर्धे फाटलेले. पाचवे कडवे कोणाला पाठ आहे हे त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आज विचारता येते.